भाऊ आणि पार्टनर: जोडीच्या गोष्टीत तिसरा कोण असतो?

बर्डीवाला

जोड्यांवर गप्पा निघाल्या की दर वेळी तेच ऐकायला मिळतं, एक तापट एक शांत, एक डोकेबाज एक हाताचा जोर लावणारा, आणि मग म्हणे कॉन्ट्रास्टमुळे मजा येते. मान्य. पण कॉन्ट्रास्ट तर कुठल्याही दोन माणसांत असतो, माझ्यात आणि आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीतही आहे, त्यावर कोणी सिरीयल काढत नाही.

माझी थिअरी वेगळी आहे, धागा त्यासाठीच काढतोय. भावांच्या गोष्टीत बाप असतो आणि पार्टनरच्या गोष्टीत भाडं असतं.

इस्कटून सांगतो. सुपरनॅचरल घ्या (२००५ ते २०२०, पंधरा सीझन, पहिले पाच तरी बघाच). डीन मोठा, सॅम धाकटा. पहिल्या एपिसोडमधे डीन रात्री-बेरात्री सॅमच्या घरात घुसतो तो कशासाठी, तर बाप शिकारीला गेला आणि परत आला नाही म्हणून. शिकार म्हणजे भुताखेतांची. डीन बापाची गाडी चालवतो, ती काळी ६७ ची इम्पाला, बापासारखीच गाणी ऐकतो, बापाचा शब्द म्हणजे ऑर्डर. सॅम स्टॅनफर्डला पळाला कारण त्याला यातलं काहीच नको होतं. तर आता सांगा, हा तापट-शांत असा फरक आहे का? एकाच बापाला दोन पोरांनी दिलेली ती दोन उत्तरं आहेत.

दीवार (१९७५) बघा. बाप मान खाली घालून घर सोडून जातो आणि विजयच्या हातावर लोक ‘मेरा बाप चोर है’ गोंदवतात, रवीच्या हातावर नाही. पिक्चर तिथेच ठरला, पुढे गोदी काय, पोलिसाची वर्दी काय, सगळा त्या गोंदणाचा हिशोब आहे. लहानपणी बर्डीवरून (नागपूरची सीताबर्डी) हार्डी बॉईजची जुनी पुस्तकं आणायचो, ती तर १९२७ पासूनची, त्यातही फ्रँक आणि जो चा बाप स्वतः डिटेक्टिव्ह.

आता पार्टनर. वॉटसन अफगाणिस्तानच्या लढाईतून जखमी होऊन लंडनला येतो, पैसे संपत आलेत, एकट्याला खोली परवडत नाही, तेव्हा ओळखीतला एक जण म्हणतो असाच एक माणूस आहे जो भाडं वाटून घ्यायला कोणीतरी शोधतोय. १८८७ साली ती जगप्रसिद्ध जोडी जमली ती भाड्यावर. ब्योमकेश आणि अजित कलकत्त्याच्या मेसमधे एका खोलीत राहतात तिथून सुरुवात. अशी ही बनवाबनवी (१९८८) तर अख्खा पिक्चरच भाड्याची खोली मिळत नाही म्हणून आहे. भाडं म्हणजे नुसते पैसे म्हणत नाहीये मी, एकत्र राहायचं काहीतरी बाहेरचं कारण. ते संपलं की पार्टनर उठून जाऊ शकतो, वॉटसन लग्न करून गेलाच होता. म्हणून लेखकाला दर गोष्टीत दाखवावं लागतं की हा परत का आला. भावाला हा प्रश्नच कोणी विचारत नाही.

हाणा आता.

रातकिडा

जागा पकडून ठेवतो. पॉपकॉर्न घेऊन आलो.

महालकर

थिअरी चटकदार आहे पण दोन ठिकाणी गळतेय.

एक, बनवाबनवीत शंतनू माने हा धनंजय मानेचा सख्खा भाऊ आहे. मग ती भावांची गोष्ट का नाही?

दोन, शेरलॉकला पण भाऊ आहे. मायक्रॉफ्ट, सात वर्षांनी मोठा, बुद्धीने शेरलॉकच्या वर, पण जागचा हलणार नाही, डायोजिनीस क्लबमधे बसून राहणार जिथे बोलायचीच बंदी. सगळ्यात भारी कॉन्ट्रास्ट तर हा आहे, एकच मेंदू, एकाला धावायची हौस आणि दुसऱ्याला बसायची. यात बाप कुठे आहे? होम्सच्या बापाचं नावही मूळ गोष्टींत येत नाही.

आणि हो, सीआयडी, १९९८ पासूनची. दया आणि अभिजीत. ना बाप ना भाडं.

बर्डीवाला

> ‘ती भावांची गोष्ट का नाही?’

कारण माने बंधूंचा बाप पिक्चरमधे कुठेच नाही. आज कोणालाही विचारा, जोडी म्हणून लोकांना धनंजय आणि परशा आठवतात, शंतनू सख्खा भाऊ आहे हे सांगावं लागतं, तुम्ही आत्ता तेच केलंत.

मायक्रॉफ्टचं उदाहरण माझ्याच बाजूने आहे. डॉयलने त्याला १८९३ च्या गोष्टीत आणला आणि पुढे अगदी मोजक्या ठिकाणी वापरला. का? तर दोघांमधे वाटून घ्यायला काही नाही. ना जुना राग, ना घर, ना वारसा. येतो, शेरलॉकपेक्षा हुशार असल्याचं दाखवतो, जातो. गंमत आहे, पण नातं नाही. आता बीबीसीवाल्यांचं शेरलॉक बघा (२०१० ते २०१७). त्यांना मायक्रॉफ्ट कायमचा हवा होता, भावाभावांची खुन्नस हवी होती, मग तिसऱ्या सीझनमधे काय केलं? आईबापच आणले. साधे, सोफ्यावर बसून गप्पा मारणारे आईबाप (ते कंबरबॅचचे खरे आईवडील आहेत, दोघंही अॅक्टर). ते आले आणि हे दोन महाज्ञानी एकदम पोरं झाले, आईसमोर एकमेकांची चुगली करणारे.

सीआयडीचं मान्य करत नाही. तिथे भाडं म्हणजे पगार, आणि बापाच्या जागी एसीपी प्रद्युम्न. दोन्ही आहे म्हणून तर एवढी वर्षं चाललं, बंद होऊन पुन्हा सुरू पण झालं.

पोट्टा_नं_१

भाऊ तुम्ही सगळे जुनं जुनं बोलून राहिले, मिर्झापूर काऊन नाही कोणी घेतलं. गुड्डू आणि बबलू पंडित. एक बॉडी बनवून राहिला, दुसरा हिशोब करून राहिला, आणि बाप वकील, तो बी असा का गुंडाविरुद्ध केस लढायला निघाला अन त्याचेच दोन्ही पोट्टे त्याच गुंडाकडे नोकरीले लागले. बर्डीवाल्या भाऊची थिअरी एकदम फिट बसते.

पण माझा पॉइंट दुसरा आहे. स्पॉयलर अलर्ट, ज्याने नसन पाहिलं त्याने खाली सरका.

जोडीतला एक मेला का मग कळते ती जोडी काय होती. बबलू मेला न बे पहिल्या सीझनच्या शेवटी, तर दुसऱ्या सीझनमधे गुड्डू नुसता लंगडत नाही, त्याचं डोकंच गेलं ना, शब्दशः, विचार करणारा बबलूच होता. मग गोलूले त्याच्या जागी यावं लागलं. शोले मधे बी तेच, जय गेला अन वीरू एकदम मोठा झाला, त्याच्या आधी टाकीवर चढणारं पोट्टं होता तो. लेखक लोकं नेहमी शांतवाल्याले मारतात कारण तापट माणूस रडताना चांगला दिसते. हे पाहून ठेवा.

महालकर

> ‘नेहमी शांतवाल्याले मारतात’

नेहमी नाही रे बाप्पा. दीवारमधे तापटच मरतो, तेही आईच्या मांडीवर, देवळात. आणि सुपरनॅचरलच्या शेवटच्या एपिसोडमधे डीन जातो. भुतं, राक्षस, देवदूत, खुद्द देव, सगळ्यांना पुरून उरला आणि शेवटी एका लोखंडी सळईने मेला. नेटवर लोक अजून भांडतात त्यावर.

पोट्टा_नं_१

मग असं म्हणतो, भावांत तापट मरते अन पार्टनरमधे शांत मरते. मिर्झापूर सोडून. 😄

रामटेकचे_काका

मुलांनो, भाऊ म्हटल्यावर ज्या गोष्टीपासून सुरुवात करायची ती कोणीच घेतली नाही म्हणून लिहितो.

आमच्याकडे गडावर वर आलात की रामाच्या देवळाच्या आधी समोर लक्ष्मणाचं देऊळ लागतं. हे लहानपणापासून बघत आलो, त्यामुळे लक्ष्मण म्हणजे रामाची शेपूट असं मला कधी वाटलं नाही. १९८७ ची दूरदर्शनची मालिका आठवा, अरुण गोविल मंद हसतात आणि सुनील लहरी दर दुसऱ्या प्रसंगात धनुष्याला हात घालतात. तुमचा तापट-शांत हा सगळा प्रकार तिथे आहे आणि बापही आहे, दशरथाच्या शब्दावरूनच तर निघाले. एक म्हणतो शब्द पाळायचा, दुसरा म्हणतो असल्या शब्दाला काय अर्थ, पण वनात दोघंही जातात.

पण मला सांगायचं आहे ते सुग्रीवाबद्दल. राम आणि सुग्रीव हे भाऊ नव्हेत, ती पार्टनरशिप आहे आणि चक्क अटी घालून झालेली. तू माझ्या भावाचा बंदोबस्त कर, मी तुझी पत्नी शोधून देतो. वाली गेला, राज्य मिळालं, पावसाळा आला, आणि सुग्रीव सगळं विसरून महालात रमला. पावसाळा संपला तरी हालचाल नाही. तेव्हा रागाने किष्किंधेला कोण जातं? लक्ष्मण. म्हणजे पार्टनरला आठवण करून द्यावी लागते आणि ती द्यायला भावाला पाठवावं लागतं. बर्डीवाल्यांचा सगळा धागा या एका प्रसंगात आहे असं मला वाटतं.

शिवाय तिथे भावांच्या तीन जोड्या आहेत. राम-लक्ष्मण, वाली-सुग्रीव, रावण-बिभीषण. तिघांतल्या दोघांत धाकटा मोठ्याला सोडून समोरच्या बाजूला जातो. ‘भावाला सोडता येत नाही’ हे जरा तपासून घ्या.

बर्डीवाला

काका, सुग्रीवाचा मुद्दा जबरदस्त. बिभीषणावर विचार करतो, पण एक, त्याला सोडावं लागलं त्याची गोष्ट आजपर्यंत म्हणीत चालू आहे, घरका भेदी. पार्टनर सोडून गेला तर त्याच्यावर म्हण होत नाही.

इतवारी_एक्सप्रेस

अवांतर: भावांचं एवढं चाललंय तर आपल्या गावचं पण घ्या. १७७५, पाचगाव, उमरेड रोडवरचं. मुधोजी भोसले विरुद्ध साबाजी भोसले, दोघंही पहिल्या रघुजीची पोरं. त्यांचा भाऊ जानोजी गादीवर होता, त्याने मुधोजीचा पोरगा दत्तक घेतला होता, जानोजी गेल्यावर गादीवरून लागली, आणि साबाजी त्या लढाईत मेला. यावर कोणी वेब सिरीज काढत नाही, सगळे उत्तर प्रदेशात जातात शूटिंगला.

महालकर

आमच्या महालचा विषय काढलात म्हणजे धागा आता चार पानं जाणार. कृपया वेगळा काढा, येतो मी तिकडे.

सदर_बझार

भाडं/पगार या मुद्द्यावर. आमच्या घरात दोघंजण पोलिस खात्यातले आहेत त्यामुळे पडद्यावरच्या पोलिसी जोड्या मी जरा वेगळ्या नजरेने बघतो. ‘पार्टनर’ हे इंग्रजी सिरीयलींचं खूळ आहे, तिथे दोन डिटेक्टिव्ह एकाच रँकचे, एका गाडीत. आपल्याकडे जोडी म्हणजे साहेब आणि शिपाई. सेक्रेड गेम्समधे सरताज इन्स्पेक्टर आणि काटेकर कॉन्स्टेबल. जितेंद्र जोशीने जे केलंय त्यात हेच आहे, तो सरताजला समजून घेतो, वाचवतो, चिडतो, पण ‘सर’ म्हणणं सुटत नाही. आणि पहिल्या सीझनमधेच जातो. साहेबाचा अपराधीपणा वाढवायला शिपाई मरतो हे मला तेव्हाही खटकलं आणि अजून खटकतं, काटेकरच्या घरी बायको-पोरं आहेत, सरताज एकटा, पण गोष्ट चालते ती सरताजची.

पाताल लोकमधे हे उलटं केलंय. हाथीराम वयाने मोठा, खात्यात रखडलेला, अन्सारी ज्युनिअर पण यूपीएससीचा अभ्यास करतोय. दुसऱ्या सीझनमधे (२०२५) अन्सारी आयपीएस होऊन वर बसलाय आणि आता हाथीरामने त्याला सर म्हणायचं. तो पहिला सॅल्यूटचा अवघडलेपणा बघा, दोघांनाही कळत नाही हात कुठे ठेवायचे. भावांमधे हे होऊच शकत नाही, मोठा तो मोठा. पार्टनरमधे खुर्च्या बदलतात.

फॅमिली मॅन पण सांगतो. दुसऱ्या सीझनमधे श्रीकांत तिवारी नोकरी सोडून आयटी कंपनीत जाऊन बसतो आणि तिथून चोरून जेके तळपदेला फोन करत राहतो, काय चाललंय रे, केस कुठवर आली. बर्डीवाल्यांनी वॉटसनबद्दल जे म्हटलं तेच, राजीनामा देता येतो म्हणून परत येण्याला किंमत आहे.

रातकिडा

ब्रेकिंग बॅड राहिलं. वॉल्टर व्हाईट हा शाळामास्तर आणि जेसी त्याचा जुना विद्यार्थी, फिफ्टी-फिफ्टीचे पार्टनर, कायद्याने नसेल पण हिशोबाने. तरी जेसी त्याला शेवटपर्यंत मिस्टर व्हाईटच म्हणतो, शाळेतल्या मास्तरला म्हणावं तसं. वॉल्टरला सख्खा मुलगा आहे आणि तरी बापगिरी जेसीवर. इथे बापच पार्टनर झालाय, म्हणून एवढं वाईट होतं सगळं.

नीलाक्षी_धरमपेठ

सगळा धागा वाचला. एवढे बाप, एवढे भाऊ, आणि बहिणी शून्य. आश्चर्य नाही वाटलं.

सेन्स अँड सेन्सिबिलिटी, १८११. एलिनॉर आणि मेरिअॅन. एक मनातलं बाहेर येऊ देत नाही, दुसरीचं मनात काही राहतच नाही. आता बर्डीवाले, तुमच्या थिअरीवर लावा. पुस्तकाच्या सुरुवातीलाच बाप मरतो. घर सावत्र भावाकडे जातं. मग बायको त्याचं मन वळवत वळवत बहिणींना द्यायची मदत अशी कमी करत आणते की शेवटी काहीच उरत नाही, तो प्रसंग वाचाच, दोन पानांत माणूस कसा स्वतःला पटवतो. आणि मग आई-मुली एका नातेवाईकाच्या कॉटेजमधे कमी भाड्यात राहायला जातात. बाप पण आणि भाडं पण. भावांच्या गोष्टीत बाप गेला की राग मिळतो, गाडी मिळते, डायरी मिळते. बहिणींच्या गोष्टीत बाप गेला की डोक्यावरचं छप्पर जातं. तुमची दोन खाती पुरुषांसाठीच वेगळी आहेत.

पार्टनर बायका हव्या असतील तर दिल्ली क्राईम. वर्तिका डीसीपी आणि नीती ट्रेनी. सदर_बझार यांचा रँकचा मुद्दा इथे पण आहे, पण नीती वर्तिकाला हसवायला किंवा मरायला ठेवलेली नाही, शिकायला ठेवलेली आहे.

बर्डीवाला

नीलाक्षी, एलिनॉरचं उदाहरण माझ्या मांडणीत बसत नाही असं नाही, ते तिला तिसरा रकाना देतं. वारसा ज्याला मिळू शकतो त्याच्यासाठीच बाप ही ‘आठवण’ असते. ज्याला मिळूच शकत नाही त्याच्यासाठी तो पत्ता असतो, गेला की पत्ता बदलतो. हे मी वेगळं लिहिणार आहे.

रामटेकचे_काका

मराठीतल्या जोड्या कोणी घेणार का? बाबूराव अर्नाळकरांचे धनंजय-छोटू आमच्या वयाच्या कोणालाही विचारा. नारायण धारपांचे समर्थ आणि अप्पा, ते तुमच्या त्या सुपरनॅचरलच्या कितीतरी आधीचे, भुताखेतांशी लढणारे. फरक असा की अप्पा घाबरतो. तुमचे ते दोघं भाऊ घाबरतात की नाही माहीत नाही, पण अप्पा घाबरतो म्हणून वाचणारा घाबरतो, समर्थ तर कधीच डगमगत नाहीत. हे काम वॉटसनचं, अजितचं, अप्पाचं. सांगणारा नेहमी कमी धीराचा हवा.

आणि चिमणराव-गुंड्याभाऊ. चि. वि. जोशींचे. नात्याने भाऊ, पण सख्खे नाहीत. दूरदर्शनवर प्रभावळकर आणि बाळ कर्वे. चिमणराव भित्रा कारकून आणि गुंड्याभाऊ दंड थोपटून उभा. इथे सांगणारा स्वतः चिमणराव, म्हणजे भित्राच. गुंड्याभाऊने सांगितली असती तर ती गोष्ट विनोदी झालीच नसती, मारामारीची झाली असती.

रातकिडा

काका +१. चुलत-मावस भावांची जोडी ही मधली जागा आहे बहुतेक. फेलूदा आणि तोपशे पण चुलत, फेलूदाचे आईवडील लहानपणी गेले आणि तो तोपशेच्या घरी वाढला. बाप एकाचा, घर दोघांचं. त्यामुळे त्यात भांडण नाही आणि भाडं पण नाही, सत्यजित रायांना नुसतं फिरायला मोकळं. तरी पुढे जटायूला आणावंच लागलं, सोनार केल्लामधे, कारण दोघंही शहाणे, हसायचं कोणावर?

आणि ज्यांना भाऊ म्हणजे कॉन्ट्रास्ट वाटतो त्यांच्यासाठी फ्रेझर (१९९३ ते २००४). फ्रेझर आणि नाईल्स दोघंही मानसोपचारतज्ज्ञ, दोघांना ऑपेरा, दोघांना वाईन, दोघं तितकेच नखरेल. कॉन्ट्रास्ट बापाशी आहे, गोळी लागून रिटायर झालेला पोलिस, आणि फ्रेझरच्या त्या पॉश फ्लॅटमधे मधोमध बापाची टेप लावलेली फाटकी आरामखुर्ची.

नीलाक्षी_धरमपेठ

> ‘भावाला हा प्रश्नच कोणी विचारत नाही’

मला हे मूळ वाक्य सोडवत नाहीये. मी सुपरनॅचरल सगळं पाहिलंय (लॉकडाऊन, दुसरं काय). बाप दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच एपिसोडला डीनसाठी स्वतःचा जीव देऊन मोकळा होतो. मग सॅम मेला की डीन आत्मा विकतो, एक वर्षाच्या बोलीवर. मग सॅम काहीतरी करतो. मग परत डीन. दर वेळी एकाला वाचवायला जगाचं वाटोळं. आपण ‘काय प्रेम आहे भावांचं’ म्हणून डोळे पुसतो, पण त्याच दोघांच्या मधे जी जी बाई येते ती जाते. आई छतावर जळते, सॅमची मैत्रीण जेस अगदी तशीच जळते, तेव्हा कुठे हे दोघं त्या गाडीत शेजारी बसतात. भाऊजोडी बनायला पहिल्याच एपिसोडमधे दोन बायका लागल्या. वॉटसनच्या जोडीला नुसतं भाडं लागलं होतं.

म्हणून मला पार्टनरची गोष्ट जास्त आवडते. तिथे सकाळी उठून विचारता येतं की हे अजून करायचंय का.

पोट्टा_नं_१

ताईने तर वाटच लावली भाऊ. 🙏

पण एक सांगू का, मोठा भाऊ असलेल्याले विचारा. आमचे दादा मले रोज विचारते हे अजून करायचंय का, पोट्टं काही बोलत नाही तर त्याले वाटते होच म्हणून राहिलं. सॅमचं बी तेच आहे, त्याले विचारलं नाही असं नाही, त्याने पहिल्याच एपिसोडमधे सांगितलं सोमवारी माझा इंटरव्ह्यू आहे, मले परत सोड. डीनने आणून बी सोडलं. मग जेस जळाली तेव्हा तो स्वतःच डिक्की लावून म्हणते चला.

नीलाक्षी_धरमपेठ

जेस जळाल्यावर म्हणतो. तेच तर सांगतेय. लेखकाने दुसरा पर्याय जाळून टाकला आणि मग पोराला विचारलं.

बर्डीवाला

विजयला पण पर्याय नव्हता ठेवला. पण काटेकरला होता, त्याला घरी जाता आलं असतं. सदर_बझार, तुम्ही यावर लिहा ना, मी संध्याकाळी परत येतो.